पाऊस नेमका कशामुळे बदलतो? वेळापूरपासून लोणारपर्यंत एका प्रश्नाचा इतिहास

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्या माणसांना विचारा, "पाऊस का कमी झाला?" दहापैकी सात-आठ जण एकच उत्तर देतील: "झाडं तोडली, म्हणून पाऊस गेला." उरलेले दोघं ग्लोबल वॉर्मिंगचं नाव घेतील. एखादे आजोबा म्हणतील, "पूर्वीपण दुष्काळ होतेच की!"

गंमत अशी, की हवामान बदलाच्या संशोधनाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या तीन उत्तरांतच मावतो. माणसाने जमिनीत केलेला बदल, वातावरणात केलेला बदल आणि निसर्गाचा स्वतःचा चढउतार. यातलं कुठलं खरं, किती खरं आणि कोणत्या काळासाठी खरं, यावर अजूनही वाद आहेत. तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल, तर हा इतिहास माहीत असायला हवा. कारण "अमुक गोष्टीमुळे तमुक झालं" हे वाक्य लिहिणं किती सोपं आहे आणि सिद्ध करणं किती अवघड, ते इथं दिसतं.

वेळापूर का?

वेळापूर हे माळशिरस तालुक्यातलं गाव. माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं. अर्धनारी नटेश्वराच्या मंदिरामुळे आणि यादवकालीन मराठी शिलालेखांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत असलेलं. हवामानाच्या दृष्टीने बघितलं तर हा सह्याद्रीचा पर्जन्यछायेचा प्रदेश. जिल्ह्याचा वार्षिक सरासरी पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा.

पण या भागातून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. हे पाणी इथल्या आभाळातून पडलेलं नाही. ते भाटघर आणि वीर धरणांतून नीरेच्या उजव्या कालव्याने येतं. म्हणजे पाऊस भोरच्या डोंगरात पडतो आणि पीक माळशिरसात डोलतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१८७६: तीन संशयित

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला. १८७६ ते १८७८ या दुष्काळात मुंबई इलाख्यातल्या सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांमध्ये सोलापूर होतं. माणसं गावं सोडून गेली, जनावरं मेली. माणगंगेवरचा राजेवाडीचा, म्हणजे म्हसवडचा तलाव याच काळातलं दुष्काळी काम. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारकडे पाठपुरावा केला. मजुरांना दिला जाणारा मोबदला जगण्यापुरताही नाही, ही सभेची एक मोठी तक्रार होती.

याच वेळी शास्त्रज्ञांच्या वर्तुळात प्रश्न उभा राहिला: हे झालं कशामुळे?

पहिला संशयित जंगलतोड. ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन आणि मद्रासकडचे एडवर्ड बालफोर यांच्यासारख्या कंपनीच्या डॉक्टर लोकांनी झाडं आणि पाऊस यांचा संबंध आधीच मांडला होता. पारावरच्या उत्तराचा लेखी इतिहास निदान एवढा जुना आहे.

दुसरा संशयित सूर्य. सूर्यावरच्या डागांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होते, हे श्वाबे यांनी १८४०च्या दशकात दाखवलं होतं. १८७७ मध्ये विल्यम हंटर यांनी मद्रासच्या पावसाच्या नोंदी या चक्राशी जुळवून बघितल्या. त्यांचं म्हणणं होतं की डाग कमी असतात त्या वर्षांच्या आसपास पाऊस कमी पडतो. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांच्यासोबत त्यांनी सौरडाग आणि दुष्काळ यांवर लेखही लिहिला.

तिसरा संशयित हवेचा दाब. भारताचे पहिले शाही हवामान अधिकारी हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या लक्षात आलं की या दुष्काळाच्या काळात फक्त भारतातच नव्हे, तर आशिया-ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या पट्ट्यात हवेचा दाब नेहमीपेक्षा जास्त होता. पुढे १८८४ मध्ये त्यांनी हिमालयातला बर्फ आणि भारतातला दुष्काळ यांचा संबंध मांडला. त्यावरूनच १८८६ पासून मान्सूनचा दीर्घकालीन अंदाज द्यायला सुरुवात झाली.

इथे थोडं थांबा. हा वाद निव्वळ शास्त्रीय होता का? अजिबात नाही. दुष्काळ सूर्यामुळे पडला असेल, तर त्याचा दोष सरकारवर येत नाही. जंगल तोडल्यामुळे पडला असेल, तर रयतेला जंगलात जायला बंदी घालायला कारण मिळतं. आणि पाऊस कशानेही चुको, माणसं मेली ती मोबदला अपुरा होता आणि धान्य बाहेर जात होतं म्हणून, असं म्हटलं तर जबाबदारी थेट राज्यकर्त्यांवर येते. सार्वजनिक सभेचा भर या तिसऱ्या बाजूवर होता. पाऊस का चुकला आणि माणसं का मेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवण्याचा मोह तेव्हाही होता, आजही आहे.

वॉकर साहेबांचा चाळणी-प्रयोग

१८९९ मध्ये ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन इलियट यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्याच वर्षी भीषण दुष्काळ पडला. अंदाज तोंडघशी पडला. १९०४ मध्ये हवामान खात्याची सूत्रं गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. हे गृहस्थ मूळचे गणितज्ञ, हवामानशास्त्राचं औपचारिक शिक्षण नाही.

त्यांनी केलेली दोन कामं तुम्ही जरूर समजून घ्या.

पहिलं, १९१० चं. एकामागून एक आलेल्या दुष्काळी वर्षांमुळे "भारताचं हवामान कायमचं बदललंय" असं बोललं जाऊ लागलं होतं. वॉकर यांनी उपलब्ध नोंदी तपासल्या आणि सांगितलं, की कायमच्या बदलाचा पुरावा यात दिसत नाही. हे दीर्घ चढउतारच आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी "कारण काय?" विचारण्याआधी "बदल खरंच झालाय का?" हे विचारलं. आधी बदल ओळखायचा, मग त्याचं कारण ठरवायचं. ही पायरी गाळून थेट कारणावर उडी मारणारे सिनॉप्सिस आजही ढिगाने सापडतील.

दुसरं, १९१४ चं. वॉकर जगभरातल्या डझनावारी नोंदी भारतीय पावसाशी ताडून बघत होते. इतकी तुलना केली की काहीतरी जुळणारच, हे त्यांना कळत होतं. हिशोब सोपा आहे. पावसाशी काहीही संबंध नसलेल्या २० गोष्टी घ्या आणि प्रत्येकीची ५ टक्के पातळीवर चाचणी करा. त्यातली निदान एक तरी निव्वळ योगायोगाने "सिग्निफिकंट" निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून वॉकर म्हणाले, की अनेकांतून निवडलेल्या सर्वांत चांगल्या सहसंबंधाला जास्त कडक चाळणी लावली पाहिजे. त्या चाळणीत सौरडागांचा संबंध फारच अशक्त ठरला.

मात्र एक संबंध टिकला. पॅसिफिकच्या बाजूचा दाब आणि हिंदी महासागराच्या बाजूचा दाब तराजूच्या पारड्यांसारखे वर-खाली होतात. त्याला त्यांनी १९२०च्या दशकात दक्षिणी आंदोलन असं नाव दिलं. हे का होतं, ते त्यांना सांगता आलं नाही. त्याचं उत्तर १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी दिलं: पॅसिफिकच्या पाण्याचं तापमान आणि वरची हवा एकमेकांना ओढतात. आपण ज्याला एल निनो म्हणतो, त्याची ही दुसरी बाजू. १८७७ आणि १८९९ ही दोन्ही एल निनोची वर्षं होती, हे आज माहीत आहे.

मग सुटला का प्रश्न? १९९७ मध्ये शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक आला. भारतात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. २००२ मध्ये मध्यम एल निनो. पाऊस ८१ टक्के, देशभर दुष्काळ. म्हणजे कारण खरं आहे, पण एकटं नाही.

आणखी मागे: इनामगाव

आतापर्यंत आपण दर वर्षाच्या पावसाबद्दल बोललो. शतकांच्या आणि सहस्रकांच्या बदलाचं काय? तिथे पर्जन्यमापक नाहीत. तिथे गाळ, परागकण, हाडं आणि गुहेतले लवणस्तंभ यांच्यावरच भिस्त. यांना आपण प्रॉक्सी म्हणतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. १००० च्या आसपास तिथे मोठा फरक दिसतो. आधीची प्रशस्त चौकोनी घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात. शेतीवरचा भर कमी होतो, शिकार वाढते. गोदावरी खोऱ्यातल्या अनेक वसाहती तर याच सुमाराला ओस पडतात. ढवळीकर यांनी याचं कारण हवामान कोरडं होणं हे सांगितलं.

मांडणी आकर्षक आहे, पण तिच्यासमोर प्रश्नही आहेत. जमिनीचा कस संपल्याने असं झालं असेल का? समाजव्यवस्था मोडल्याने? व्यापार तुटल्याने? गरीब झोपडीचा अर्थ कमी पाऊस असाच होतो का?

इथे वेळापूरचा ऊस आठवा. समजा, दोन हजार वर्षांनी कुणी संशोधक माळशिरसच्या एखाद्या तळ्यातला गाळ काढतो. विसाव्या शतकाच्या थरात त्याला उसाचे अवशेष भरपूर सापडतात. तो लिहील, "या काळात या प्रदेशात मुबलक पाऊस होता." पुरावा अस्सल, निष्कर्ष साफ चूक. कारण मधे कालवा आहे. आणि इनामगावच्या लोकांनीही पाणी वळवायला पाट आणि बांध केला होता, हे उत्खननातच दिसलंय. प्रॉक्सी पाऊस मोजत नाही. पाऊस, जमीन आणि माणूस या तिघांची बेरीज मोजते. ती बेरीज सोडवणं हेच खरं संशोधन.

लोणारचा गाळ आणि बस्तरची गुहा

बुलढाण्यातलं लोणार सरोवर यासाठी सोन्यासारखी जागा. उल्काघाताने झालेलं विवर, बाहेरून मोठी नदी येत नाही, पाणी बाहेर जायला वाट नाही. पाऊस आणि बाष्पीभवन यांचा हिशोब तळाशी गाळात जमा होतो. तिथल्या सुमारे १० मीटर लांबीच्या कोअरमधून गेल्या ११ हजार वर्षांची नोंद मिळाली. पाणी खूप आटून खारट झालं, की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. त्यांवरून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन दीर्घ कोरडे टप्पे सांगितले गेले: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी.

आता हिशोब करा. इनामगावचा बदल साधारण ३००० वर्षांपूर्वीचा. तो या दोन्ही टप्प्यांच्या मधे पडतो, एकातही बसत नाही.

दुसरा टप्पा म्हणजे इसवी सनाच्या सुरुवातीपासून साधारण १३५० पर्यंत. यात उत्तर सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट, यादव सगळे आले. वेळापूरचे शिलालेख कोरले गेले ते रामचंद्रदेव यादवाच्या काळात, इ.स. १३०० च्या सुमाराला. अजिंठा, वेरूळ, वेळापूर हे सगळं "दीर्घ दुष्काळात" झालं असं म्हणायचं का? कोरडं हवामान म्हणजे ऱ्हास, हे सूत्र इथे सरळ लागू पडत नाही.

आणि उलट बाजूही बघा. दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ पासूनच्या बारा वर्षांचा सांगतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठारं खुली केली, ती कथा पंधराव्या शतकातली. म्हणजे लोणारचा गाळ म्हणतोय "कोरडा काळ संपत आला", आणि माणसांची आठवण म्हणतेय "आता सुरू झाला". बस्तरमधल्या दंडक गुहेतल्या लवणस्तंभाचा २००७ चा अभ्यास लोकांच्या आठवणीच्या बाजूने बोलतो. त्यात चौदाव्या ते पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कमजोर मान्सूनची दशकं दिसतात.

कोण खरं? दोन्ही खरं असू शकतं. तळं शतकांची सरासरी साठवतं, लवणस्तंभ काही वर्षांचा फरकही पकडतो. सरासरी सुधारत असतानाही वीस वर्षांचा दुष्काळ येऊ शकतो. शिवाय गाळाच्या कालनिश्चितीत दशकांची, कधी शतकाची चूक शक्य असते. म्हणून दोन आलेख एकाच पानावर छापून "बघा, जुळतंय" किंवा "जुळत नाही" म्हणण्याआधी दोघांची कालमर्यादा आणि चुकीचा पल्ला तपासा.

मग ढकलतंय कोण?

अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात यायची, आज ती जानेवारीत येते. तेव्हा जमीन जास्त तापायची, मान्सून जास्त जोमाचा होता. हे कारण बहुतेकांना मान्य आहे. पण वाद तपशिलात आहे. उन्हाचा कळस आणि मान्सूनचा कळस यांत किती अंतर? चीनमधल्या गुहा म्हणतात थोडंच, अरबी समुद्राचा गाळ म्हणतो कित्येक हजार वर्षं. समुद्राच्या गाळातून वाचतो ते वारे की पाऊस, हाही त्यातलाच प्रश्न.

कक्षेचा बदल संथ असतो. त्यातून एकदम सुरू होणारे आणि काही शतकांनी संपणारे कोरडे टप्पे समजत नाहीत. लोणारच्या अभ्यासकांनी त्यासाठी हिंदी-पॅसिफिक उष्ण जलाशयातल्या बदलांकडे बोट दाखवलं. हे बदल मान्सूनपर्यंत पोचतात ते ज्या हवेच्या अभिसरणातून, त्याला नाव आहे वॉकर अभिसरण. पण तो जलाशय कशाने बदलला? सूर्य, ज्वालामुखी, की समुद्र-हवेची स्वतःचीच लय? इथे मात्र एकमत नाही.

आणि जंगलाचा जुना संशयित? तो पुन्हा कोर्टात आलाय. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मॉडेलच्या साहाय्याने दाखवलं, की जंगलाच्या जागी शेती आली की जमिनीतून हवेत जाणारं बाष्प कमी होतं आणि त्याचा मान्सूनच्या पावसावर परिणाम होऊ शकतो. पुण्याच्या आयआयटीएममधल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या तापण्यावर बोट ठेवलंय. आणखी काही जण प्रदूषणाच्या धूलिकणांवर. यांत प्रत्येकाचा वाटा किती, हा आजचा जिवंत प्रश्न आहे.

"म्हणजे शास्त्रज्ञांनाच माहीत नाही?"

हा प्रश्न तुम्हाला लग्नाच्या पंगतीत विचारला जाईल, व्हायवातही विचारला जाईल. उत्तर नीट द्या.

अनिश्चितता सगळीकडे सारखी नसते. जग तापतंय आणि ते माणसाने जाळलेल्या कोळसा-तेलामुळे, याबद्दल आता वाजवी शंका उरलेली नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी २८० पीपीएमच्या आसपास होता, आज ४२० च्या वर आहे. त्यातला कार्बन जीवाश्म इंधनाचा आहे, हे समस्थानिकांवरून कळतं. सूर्य जबाबदार असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते; प्रत्यक्षात स्थितांबर थंड होतंय. १८७७ च्या संशयिताला इथे तरी पुराव्यासकट निर्दोष सोडलंय.

पण "माळशिरसात पुढच्या तीस वर्षांत पाऊस वाढेल की घटेल?" या प्रश्नात अनिश्चितता खूप आहे. तापमानाची खात्री पावसाला उसनी देता येत नाही, आणि पावसाची शंका तापमानावर लादता येत नाही. "पूर्वीपण हवामान बदलत होतंच" हे वाक्य खरं आहे. त्यावरून "आताचा बदलही आपोआपचाच" हे मात्र निघत नाही. गावात पूर्वी वीज पडून गंजी जळायच्या, म्हणून यंदा काडी कुणी लावली ते विचारायचंच नाही, असं होतं का?

आणि शेतकऱ्यासाठी या अनिश्चिततेचा अर्थ थांबून राहा असा नाही. पाऊस कोणत्या बाजूला झुकेल ते ठाऊक नसेल, तर दोन्हीला तोंड देईल असं पीक, असा पाणीवाटप आणि असा साठा लागतो. कालव्याचं पाणी भोरच्या ढगांवर अवलंबून आहे, हे विसरून सगळा तालुका उसाखाली आणणं हा त्या अनिश्चिततेवर लावलेला जुगार आहे.

तुमच्या कामासाठी

तुमचा विषय हवामान नसेलही. तरी सिनॉप्सिस लिहिताना हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर ठेवा.

एक: मी ज्याचं कारण शोधतोय किंवा शोधतेय, तो बदल खरंच झालाय का?

दोन: मी किती गोष्टी ताडून बघितल्या आणि त्यांतल्या किती लिहिल्या? न जुळलेल्याही मोजा.

तीन: माझा पुरावा नेमकं काय मोजतो? मधे एखादा कालवा तर नाही?

चार: माझ्या निष्कर्षाने कुणाची जबाबदारी वाढते आणि कुणाची सुटते?

चौथा प्रश्न पद्धतीच्या पुस्तकात सहसा नसतो. पण १८७७ मध्ये सोलापूरच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा होता.